सत्ता राजवाड्याची, शिव्याशाप सरकारला

२०२५ च्या ऑक्टोबरात मोरोक्कोतल्या तरुण मुलामुलींनी आपल्या राजाला एक पत्र लिहिलं. 'जेन-झी २१२' या नावाने ती एकत्र आली होती. २१२ हा त्यांच्या देशाचा टेलिफोन कोड. ना नेता, ना कार्यालय, ना पक्ष. डिस्कॉर्ड या ॲपवर लाखाहून जास्त जण जमले होते आणि कुठल्या शहरात कधी रस्त्यावर उतरायचं, हे तिथेच मतं घेऊन ठरत होतं. पत्रातली मुख्य मागणी एकच होती: पंतप्रधान अझीझ अखनूश यांचं सरकार बरखास्त करा.

राग कशाचा होता, ते सगळ्या जगाने पाहिलं. अगादिरच्या सरकारी रुग्णालयात थोड्या दिवसांच्या अंतराने आठ बाळंतिणी दगावल्या. त्याच वेळी २०३० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी देशभर मैदानं बांधली जात होती. कासाब्लांकाजवळ बेनस्लिमानला तर एक लाख पंधरा हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहतंय. 'स्टेडियम इथे आहेत, दवाखाने कुठे आहेत?' ही घोषणा २७ सप्टेंबरपासून राबात, कासाब्लांका, मराकेश, तांजिएर अशा शहरांत घुमत राहिली. १ ऑक्टोबरच्या रात्री अगादिरजवळच्या लकलिआ गावात गोळीबार झाला आणि तीन जण मेले.

त्या पत्राने मी अस्वस्थ झालो, ते मात्र वेगळ्या कारणाने. मोरोक्कोत संसद आहे. प्रतिनिधिगृहात ३९५ लोकनियुक्त सदस्य आहेत. ठरलेल्या वेळी निवडणुका होतात, त्यात सत्ताधारी पक्ष हरतोसुद्धा. असं सगळं असताना विशीतल्या या मुलांना संसदेच्या दारात जावंसं वाटलं नाही. अविश्वास ठराव, मुदतपूर्व निवडणूक हे मार्ग त्यांच्या मनातही आले नाहीत. त्यांनी थेट राजाचं दार ठोठावलं. हा त्यांचा भाबडेपणा होता, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आपल्या देशात निर्णय कुठे होतात, हे या मुलांना नेमकं कळलेलं आहे, आणि मोरोक्कोचं खरं दुखणंही तेच आहे. तिथे सत्ता राजवाड्यात राहते, जबाबदारी मात्र सरकारच्या गळ्यात मारली जाते. सत्ता आणि जबाबदारी एका ठिकाणी आणल्याशिवाय त्या देशातला असंतोष शमणार नाही आणि ते आणण्याचं काम राजानेच केलं पाहिजे, हे मला या लेखात सांगायचं आहे.

मोरोक्कोत या सगळ्या व्यवस्थेला एक शब्द आहे: मखझन. राजवाडा, त्याचे सल्लागार, गृहखातं, प्रांतोप्रांतीचे वाली (म्हणजे राजाने नेमलेले प्रमुख) आणि गव्हर्नर, सुरक्षा यंत्रणा, दरबाराच्या मर्जीतले उद्योगपती, या सगळ्यांना मिळून लोक मखझन म्हणतात. मूळ अरबी अर्थ कोठार, भांडार. सुलतानाचा कर धान्यात आणि पैशात जिथे साठायचा ती जागा. आपला 'खजिना' आणि 'खजिनदार' याच धातूवरून फारसीमार्गे मराठीत आले, त्यामुळे हा शब्द आपल्याला परका नाही. जुन्या काळी तिथे देशाचे दोन भाग मानत. सुलतानाला कर देणारा तो 'मखझनचा मुलूख' आणि न जुमानणारा तो 'सिबा', म्हणजे बंडाळीचा मुलूख. १९१२ मध्ये फ्रेंचांनी फेझच्या तहाने देश ताब्यात घेतला, तेव्हा सुलतान आणि मखझन दोन्ही जागेवर ठेवले. शिवाय आधी कधीही जुमानत नव्हत्या त्या डोंगराळ टोळ्याही लष्कराच्या जोरावर मखझनच्या टाचेखाली आणल्या. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा राजाच्या हाती पूर्वजांना कधीच न लाभलेलं भक्कम, मध्यवर्ती राज्ययंत्र आलं. आजची राजेशाही 'शतकानुशतकांची परंपरा' म्हणून दाखवली जाते. अलवी घराणं सतराव्या शतकापासून गादीवर आहे, हे खरंच आहे. पण तिची आजची ताकद बऱ्याच अंशी विसाव्या शतकातली आहे.

हा देश आपल्यापासून दूर आहे, त्याच्याशी आपलं काय देणंघेणं, असं वाटू शकतं. आपल्या शेतात उसाला, सोयाबीनला, कापसाला जे डीएपी पडतं, ज्याला गावाकडे सगळे '१८:४६' म्हणतात, त्यातलं ते ४६ म्हणजे स्फुरद. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के साठे मोरोक्कोकडे आहेत, त्यात मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारा या वादग्रस्त प्रदेशातलेही आले. खुरिबगाच्या खाणी आणि ओसीपी ही सरकारी कंपनी यांच्याशी भारताचा खतधंदा जवळून बांधलेला आहे. गोव्याच्या झुआरीनगरचा खतकारखाना आज ज्या पारादीप फॉस्फेट्सकडे आहे, तिच्यात ओसीपीची भागीदारी आहे. त्या देशातली शांतता किंवा अशांतता आपल्या पोत्यापर्यंत पोचते, म्हणून तिच्याकडे नीट पाहिलेलं बरं.

आता राज्यघटनेकडे येतो. २०११ च्या वसंतात ट्युनिशिया आणि इजिप्तचे सत्ताधीश पडले, तेव्हा मोरोक्कोतही '२० फेब्रुवारी' चळवळ उभी राहिली. ती राजा हटवा म्हणत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की राजाने राज्य करावं, कारभार करू नये. स्पेनसारखी संसदीय राजेशाही यावी. राजे मोहम्मद सहावे यांनी ९ मार्चला भाषण करून नव्या घटनेचं वचन दिलं आणि १ जुलैला सार्वमत झालं. साडेअठ्ठ्याण्णव टक्के मतं बाजूने पडली. एवढ्या वेगाने आणि शांततेने वादळ टाळल्याबद्दल जगभर कौतुक झालं, आणि त्यातलं काही कौतुक रास्तही होतं. राजाचा देह 'पवित्र' असल्याचं वाक्य घटनेतून गेलं. अमाझिग, म्हणजे बर्बर लोकांच्या भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. निवडणुकीत पहिल्या आलेल्या पक्षातूनच पंतप्रधान नेमावा लागेल, हे कलम ४७ मध्ये लिहिलं गेलं. हा शेवटचा बदल मोठा होता. २००२ मध्ये समाजवादी पक्ष पहिला आला होता, तरी राजाने पक्षाबाहेरच्या एका टेक्नोक्रॅटला पंतप्रधान केलं होतं.

पण बाकीची कलमं वाचत गेलं की चित्र बदलतं. मंत्रिमंडळाची महत्त्वाची बैठक राजाच्या अध्यक्षतेखाली होते. वाली, गव्हर्नर, राजदूत, मध्यवर्ती बँकेचा प्रमुख, सुरक्षेचे अधिकारी तिथे नेमले जातात. पंतप्रधानाला एखाद्या मंत्र्याला काढायचं असेल तर राजाला विनंती करावी लागते. राजा मात्र आपल्या मर्जीने मंत्र्याला काढू शकतो, पंतप्रधानाचा फक्त सल्ला घ्यायचा. लष्कराचा सरसेनापती राजा. न्यायमंडळाच्या सर्वोच्च परिषदेचा अध्यक्ष राजा. कलम ४१ प्रमाणे तो 'अमीर उल मोमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख, आणि धर्माच्या बाबतीत अंतिम शब्द त्याचा. कलम ६४ मला सगळ्यांत जास्त बोचतं. संसद सदस्याला सभागृहात बोलल्याबद्दल संरक्षण आहे, पण त्याचं बोलणं राजेशाहीला आव्हान देत असेल किंवा राजाच्या आदराला बाधा आणत असेल, तर ते संरक्षण उरत नाही. जो देश चालवतो त्याच्याबद्दल लोकांचा प्रतिनिधी संसदेतही बोलू शकत नाही. कलम ५२ म्हणतं की राजाने संसदेला पाठवलेला संदेश वाचून दाखवला जाईल, पण त्यावर चर्चा होणार नाही.

आणि याच घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलेलं आहे की देशाचा कारभार अधिकार आणि उत्तरदायित्व यांची सांगड घालून चालेल. ते वाक्य फार सुंदर आहे. राजवाड्याच्या फाटकापर्यंत ते लागू होतं.

याचे परिणाम काय होतात, हे न्याय आणि विकास पक्षाच्या दहा वर्षांत स्वच्छ दिसतं. या इस्लामवादी पक्षाला २०११ च्या नोव्हेंबरात १०७ जागा मिळाल्या आणि अब्देलइलाह बेनकिरान पंतप्रधान झाले. हजरजबाबी आणि लोकांच्या बोलीत बोलणारा हा माणूस. त्यांचं संसदेतलं मासिक उत्तरांचं सत्र लोक टीव्हीपुढे बसून बघत. त्यांच्या धर्मकारणाशी माझं जमणार नाही, पण लोकांनी निवडलेला पंतप्रधान काय असतो, याची थोडी चव मोरोक्कोला त्यांच्यामुळे मिळाली. इंधनावरचं अनुदान काढणं, निवृत्तिवेतनाचे नियम कडक करणं, ही कटू कामं त्यांनी अंगावर घेतली. एवढं करूनही २०१६ मध्ये त्यांच्या जागा वाढून १२५ झाल्या. राजवाड्याच्या जवळचा मानला जाणारा अस्सालत वल मुआसरा हा पक्ष १०२ वर थांबला. तो पक्ष ज्यांच्या पुढाकाराने स्थापन झाला, ते फुआद अली अल-हिम्मा हे राजाचे शाळासोबती, आणि २०११ पासून राजाचे सल्लागार.

इतका कौल मिळाला म्हटल्यावर सरकार बनायला हवं होतं. पाच महिने बनलं नाही. उद्योगपती आणि कृषी-मत्स्यखात्याचे मंत्री अखनूश निवडणुकीनंतर लगेच एका मध्यम आकाराच्या पक्षाचे अध्यक्ष झाले. समाजवादी पक्षाला आघाडीत घेतल्याशिवाय येणार नाही, अशी अट त्यांनी घातली. बेनकिरान यांनी जानेवारी २०१७ मध्ये एक पत्रक काढलं, त्याचा शेवट होता: बोलणं संपलं. मार्चमध्ये राजाने त्यांना बाजूला केलं आणि त्याच पक्षाच्या सादुद्दिन उस्मानी यांना नेमलं. उस्मानींनी काही दिवसांतच समाजवाद्यांना घेऊन सरकार बनवलं. घटनेचा शब्द पाळला गेला, पंतप्रधान पहिल्या पक्षाचाच राहिला. मतदारांचा कौल मात्र वाटेत कुठेतरी सांडला.

पुढचं याहून वाईट आहे. उस्मानी हे पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर आयुष्यभर ठाम राहिलेले नेते. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर सांगितलं होतं की इस्रायलशी संबंध सुरळीत करायला आमचा विरोध आहे. डिसेंबरात राजवाड्याने तसा निर्णय घेतला, कारण त्याच्या बदल्यात अमेरिकेने पश्चिम सहारावरचं मोरोक्कोचं सार्वभौमत्व मान्य केलं. २२ डिसेंबरला राबातमध्ये करारावर सही करायला बसले ते उस्मानी. निर्णय त्यांचा नव्हता, सही त्यांची होती. ते छायाचित्र मी बराच वेळ पाहिलं होतं. स्वतःच्या पक्षाचा गाभा असलेली भूमिका स्वतःच्या हाताने खोडणारा माणूस कसा दिसतो, ते त्यात दिसतं. पुढल्या वर्षी सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष १२५ वरून १३ जागांवर आला. जागा मोजायचं निवडणुकीचं सूत्र मधल्या काळात बदललं होतं, पैशाचा वापरही झाला, हे सगळं धरूनसुद्धा मतदारांचा राग खरा होता. पण तो राग ज्या निर्णयांवर होता त्यातले किती त्या सरकारचे होते?

समाजवादी पक्षाचंही असंच झालं होतं. आजच्या राजाचे वडील हसन दुसरे यांनी १९९८ मध्ये अब्दुर्रहमान यूसुफी या जुन्या, तुरुंग आणि परदेशवास भोगलेल्या विरोधकाला पंतप्रधान केलं. देशभर आशेचं वातावरण होतं. गृह, परराष्ट्र, धर्म ही 'सार्वभौम' खाती राजवाड्याकडेच राहिली आणि कामाचा हिशेब मात्र यूसुफींना द्यावा लागला. २००२ मध्ये ५० जागा मिळवणारा तो पक्ष २०१६ मध्ये २० वर आला होता. पक्ष येतात, राजवाड्याच्या सावलीत राबतात, लोकांचा राग झेलतात आणि संपतात. इस्लामी व्यवहार खात्याचे मंत्री अहमद तौफिक मात्र २००२ पासून जागेवरच होते. समाजवादी असोत, इस्लामवादी असोत की उद्योगपती, सरकारं बदलत राहिली आणि ते खातं त्यांच्याकडेच राहिलं. यातून मतदाराने काय शिकायचं? मत दिल्याने काही बदलत नाही, एवढंच. असं शिकलेला मतदार मग मतपेटीकडे न जाता रस्त्यावर येतो.

रस्त्यावरची गोष्ट सांगायची तर अल होसिमाला जावं लागतं. रिफच्या डोंगरात, भूमध्य समुद्राच्या काठी हे बंदर आहे. २८ ऑक्टोबर २०१६ च्या संध्याकाळी मोहसिन फिक्री या एकतीस वर्षांच्या मासेविक्याचा माल पोलिसांनी पकडला, बंदीच्या काळातली मासळी म्हणून. ती कचऱ्याच्या गाडीत टाकली गेली. माल वाचवायला फिक्री गाडीच्या मागच्या भागात चढला आणि कचरा दाबायचं यंत्र सुरू झालं. कोकणपट्टीत मासळीवर ज्यांचं पोट आहे त्यांना सांगायला नको की टोपल्या डोळ्यांदेखत फेकल्या जाताना माणूस काय करेल. लोकांनी मोबाइलवर टिपलेलं ते दृश्य रात्रीतून देशभर गेलं.

मग महिनोन्महिने मोर्चे निघत राहिले. मागण्या ऐकल्या तर थक्क व्हायला होतं: विद्यापीठ हवं, कर्करोगाचं रुग्णालय हवं, मासळी प्रक्रियेचे कारखाने हवेत. रिफचा भाग मखझनच्या डोळ्यांत नेहमीच सलत आला आहे. याच डोंगरात अब्देलक्रीम अल-खत्ताबी यांनी १९२१ मध्ये अन्वालला स्पॅनिश फौजेचा धुव्वा उडवून रिफचं प्रजासत्ताक उभं केलं होतं. १९५८-५९ चा तिथला उठाव लष्कराने चिरडला. त्यामुळे दवाखाना मागणाऱ्यांच्या हातात अब्देलक्रीमचा जुना झेंडा दिसला की सरकारला लगेच फुटीरता दिसू लागते. आंदोलनाचा चेहरा झालेला नासिर झफझाफी हा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण. मे २०१७ मध्ये मशिदीत इमामाने आंदोलनाविरुद्ध प्रवचन सुरू केलं, तेव्हा तो उभा राहिला आणि मशिदी अल्लाच्या आहेत की मखझनच्या, असं त्याने विचारलं. तीन दिवसांत त्याला अटक झाली. पुढल्या वर्षी वीस वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतर राजाने काय केलं, तेही सांगतो, कारण व्यवस्था कशी चालते ते त्यात कळतं. अल होसिमाचे विकासप्रकल्प रखडले म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी काही मंत्र्यांना एका झटक्यात काढून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजा चांगला, सरकार नालायक, ही कथा पुन्हा एकदा पक्की झाली. पण ते प्रकल्प राजासमोरच २०१५ मध्ये जाहीर झाले होते. देखरेख करणारं गृहखातंही राजवाड्याच्याच हातातलं. दोष वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यातला एकही वाटा वर गेला नाही.

या व्यवस्थेच्या बाजूने जे बोललं जातं, त्यातलं बरंच मी गंभीरपणे घेतो. पहिला मुद्दा शेजाऱ्यांचा. लिबियाचे तुकडे झाले, इजिप्तमध्ये लष्कर परतलं, ट्युनिशियात क्रांतीतून जन्मलेली लोकशाही एका निवडून आलेल्या अध्यक्षानेच मोडली. मोरोक्को उभा आहे. वीजनिर्मिती, रेल्वे, बंदरं, मोटारउद्योग यांत त्याने केलेली प्रगती खोटी नाही. तांजिएर ते कासाब्लांका धावणारी आफ्रिकेतली पहिली अतिवेगवान रेल्वे तिथेच आहे.

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे, आणि तो कुटुंबकायद्याचा. २००० च्या मार्चमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी राबातला मोर्चा निघाला, त्याच दिवशी कासाब्लांकात त्याच्या विरोधात त्याहून मोठा मोर्चा निघाला. संसदेवर सोडलं असतं तर सुधारणा होण्याची चिन्हं नव्हती. राजाने आपला धर्मप्रमुखाचा अधिकार वापरला आणि २००४ मध्ये नवा मुदव्वना, म्हणजे कुटुंबकायदा, लागू झाला. मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालं, नवऱ्याची आज्ञा पाळण्याचं कायदेशीर बंधन बायकोवरून गेलं, सज्ञान स्त्रीला पालकाशिवाय लग्न करता येऊ लागलं. ज्या बाईला या कायद्याने घरात श्वास घेता आला, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की हे लोकशाही मार्गाने व्हायला हवं होतं?

तरी माझं मत बदलत नाही. वरून दिलेला हक्क खाली रुजवायला स्वतंत्र माणसं लागतात. न्यायाधीश परवानगी देऊ शकतो, या पळवाटेतून अल्पवयीन मुलींची हजारो लग्नं पुढेही होत राहिली. कायदा आणखी सुधारायची चर्चा २०२२ मध्ये सुरू झाली, तीही राजाच्या भाषणाने. अठरा वर्षं संसद काय करत होती? ती वाट पाहत होती. राजवाड्याचा इशारा आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही सवय सगळ्या राज्ययंत्राच्या हाडात मुरली आहे. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ॲटलासच्या डोंगरात भूकंप झाला. मातीच्या घरांची गावंच्या गावं बसली आणि सुमारे तीन हजार माणसं गेली. राजा त्या वेळी फ्रान्समध्ये होते. जवान आणि स्वयंसेवक धावले, सामान्य मोरोक्कन माणसाने तर गाड्या भरभरून धान्य आणि पांघरुणं डोंगरात पोचवली. पण राजा परतून बैठक घेईपर्यंत सरकारची मोठी माणसं लोकांसमोर बोलायला धजली नाहीत. जे सरकार भूकंपाच्या रात्रीसुद्धा स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, ते बाळंतिणीच्या खाटेपर्यंत डॉक्टर कसा पोचवणार?

स्थैर्याचा मुद्दाही उलटा लावून पाहिला पाहिजे. हसन दुसरे यांच्या काळात राजाच्या हाती आजच्याहून जास्त सत्ता होती. तो काळ स्थिर होता का? १९६५ मध्ये कासाब्लांकाची शाळकरी मुलं रस्त्यावर आली, गोळ्या चालल्या आणि पाच वर्षं आणीबाणी राहिली. त्याच वर्षी विरोधी नेते मेहदी बेन बरका पॅरिसमधून पळवले गेले, ते आजतागायत सापडलेले नाहीत. १९७१ मध्ये स्खिरातच्या राजवाड्यावर वाढदिवसाच्या मेजवानीत सैनिक घुसले, १९७२ मध्ये राजाच्या विमानावर हवाई दलाच्याच विमानांनी गोळ्या झाडल्या. मग ताझमामार्तचा गुप्त तुरुंग आला. अठ्ठावन्न सैनिकांना तिथे अंधारकोठडीत टाकलं आणि अठरा वर्षांनी दार उघडलं तेव्हा निम्म्याहून जास्त मेलेले होते. मोरोक्कन लोक या काळाला 'शिशाची वर्षं' म्हणतात. मोरोक्को खरोखर स्थिर झाला तो १९९० नंतर, राजवाड्याने मूठ थोडी थोडी सैल केली तेव्हा.

मोहम्मद सहाव्यांना याचं श्रेय दिलंच पाहिजे. गादीवर येताच काही महिन्यांत त्यांनी वडिलांचे दबदबा असलेले गृहमंत्री इद्रिस बसरी यांना काढलं. सतरा वर्षं तुरुंगात काढलेल्या इद्रिस बिनझेक्री यांच्या अध्यक्षतेखाली २००४ मध्ये सत्य आणि समेटाचा आयोग नेमला. पीडितांनी सरकारी टीव्हीवर आपल्या छळाच्या कहाण्या सांगितल्या. अरब जगात असं पूर्वी घडलं नव्हतं. फक्त एक अट होती: छळ करणाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत. भरपाई मिळाली, सहानुभूती मिळाली, उत्तरदायित्व पुन्हा फाटकाबाहेरच राहिलं.

म्हणून मला राजाच्या माफीबद्दलही आनंद आणि दुःख एकदमच होतं. जुलै २०२४ मध्ये राज्यारोहणाच्या पंचवीस वर्षांनिमित्त उमर रादी, सुलेमान रैसूनी, तौफिक बुअश्रीन हे पत्रकार माफी मिळून सुटले. लेकरं घरी आली, आईबापांनी मिठ्या मारल्या, चांगलं झालं. पण वर्षानुवर्षं आत ठेवणारी न्यायव्यवस्था तशीच राहिली आणि सुटका हक्क म्हणून न मिळता कृपा म्हणून मिळाली. कृपा परत घेता येते.

दरवर्षी राज्यारोहणाच्या सोहळ्यात बैअत, म्हणजे राजनिष्ठेची शपथ, होते. पांढऱ्या जेलाब्यातले (पायघोळ झग्यातले) वाली, गव्हर्नर आणि बाराही प्रांतांचे निवडून आलेले प्रतिनिधी रांगांनी उभे असतात. राजा येतो, डोक्यावर छत्र धरलेलं असतं. 'अल्ला धन्याचं आयुष्य बरकतीचं करो' असा घोष होतो आणि एकेक रांग कमरेतून वाकते, पुन्हा वाकते. छत्र या वस्तूचं वजन मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि कुणाच्या परंपरेचा अवमान करायची माझी इच्छाही नाही. मला खटकतात त्या रांगांमधली लोकांनी मतं देऊन पाठवलेली माणसं. ती ज्याच्यासमोर वाकतात, त्याला प्रश्न कसा विचारतील?

चौदा किलोमीटरच्या सामुद्रधुनीपलीकडे स्पेन आहे, विश्वचषकाचा सहयजमान. तिथले राजे हुआन कार्लोस यांना १९७५ मध्ये हुकूमशहा फ्रँकोकडून जवळजवळ अमर्याद सत्ता वारशात मिळाली. तीन वर्षांत नवी घटना आली आणि ती सत्ता त्यांच्या हातून संसदेकडे गेली. गादी मात्र टिकली. हुआन कार्लोस पुढे स्वतःच्या वागण्याने बदनाम झाले, राज्यत्याग करावा लागला, तरी देश डळमळला नाही, कारण देश त्यांच्यावर टेकलेला नव्हता. मोरोक्कोचे राजे स्वतः लोकप्रिय आहेत, त्यामुळे त्यांना हे करणं हुआन कार्लोसपेक्षाही सोपं जावं. धर्मप्रमुखपद ठेवा, देशाच्या ऐक्याचं प्रतीक राहा. पण मंत्रिमंडळाचं अध्यक्षपद पंतप्रधानाला द्या, वाली आणि गव्हर्नर त्याच्या हाताखाली द्या, मंत्री काढायचा अधिकार त्याला द्या. राजघराण्याची 'अल मदा' ही कंपनी बँक, खाणी, टेलिफोन अशा धंद्यांत आहे, तिच्यापासून दूर व्हा. नियम करणारा आणि बाजारात उतरणारा हात एकच असला, की छोट्या उद्योजकाने न्याय कुणाकडे मागायचा? आणि संसदेला तुमचं नाव घेऊन बोलू द्या. पंतप्रधान नालायक निघाला तर लोक त्याला पाडतील, पण निदान ज्याने चूक केली त्यालाच पाडतील.

यातलं बरंचसं २०११ मध्येच मागितलं गेलं होतं. तेव्हा जी मुलं पाच-सहा वर्षांची होती, तीच २०२५ मध्ये रस्त्यावर आली. १० ऑक्टोबरच्या शुक्रवारी राजा संसदेच्या नव्या सत्राचं उद्घाटन करणार होते. त्या दिवशी मुलांनी राजाच्या आदराखातर मोर्चा स्थगित केला आणि भाषणाची वाट पाहिली. राजांनी सामाजिक सुधारणांचा वेग वाढवायला सांगितलं, मोठे प्रकल्प आणि लोकांच्या गरजा यांत विरोध नाही असं म्हटलं. आंदोलनाचं नाव त्या भाषणात नव्हतं. नऊ दिवसांनी राजाच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीनंतर आरोग्य आणि शिक्षणासाठी १४० अब्ज दिरहम जाहीर झाले. पैसा खरा आहे, गरजही खरी आहे. १० ऑक्टोबरला सभागृहात दोन्ही सदनांचे सदस्य पांढऱ्या जेलाब्यांत बसले होते. भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते उठले. अगादिरच्या त्या आठ जणींबद्दल त्यांच्यातल्या एखाद्याला तिथल्या तिथे काही विचारावंसं वाटलं असेलही, पण कलम ५२ प्रमाणे त्या भाषणावर चर्चा होत नाही.